केनवडच्या बाईंचे सव्वीस कागद

आमच्या शाळेत ख्रिस्ती अशी एकटी मीच होते. पटावर सव्वीस मुले. त्यांत कुणब्यांची होती, माळ्यांची होती, तांड्यावरची होती, पिंजाऱ्याची होती, आणि एकाही घरात येशूचे नाव घेत नसत. तरी सगळे केनवड तिला ‘येशूची शाळा’ म्हणायचे, कारण ती चालवणारी बाई कपाळाला कुंकू लावत नव्हती आणि रोजचा पहिला अर्धा तास शास्त्रातली गोष्ट सांगत होती.

मी मिशनच्या अनाथालयात वाढले. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले तेव्हा मी पाच वर्षांची असेन. कस्तुरा हे नाव तेवढे माझ्यासोबत आले, आणि मिशननेही ते बदलले नाही. शिकले, मास्तरीण झाले आणि मिशनने केनवडला शाळा काढली तेव्हा मला इकडे नेमले. पाच वर्षांत एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. वरच्यांना ते पटेना, त्यांनी शाळा बंद केली आणि मला परत बोलावले. मी गेले नाही. बाजाराच्या मागे मारोतरावांनी त्यांची पडवी आणि ओटा वापरायला दिला, शिवणाचे मशीन माझे स्वतःचे होते, त्यावर चोळ्या नि बंड्या शिवून पोट भरत होते. अशी आणखी चार वर्षे शाळा चालू राहिली. बाई हट्टी आहे असे लोक म्हणायचे आणि बरोबरच म्हणायचे.

गोष्टीचा तो अर्धा तास मात्र मी कधी चुकवला नाही. खरे तर मी केनवडला राहिले ती त्या अर्ध्या तासासाठीच. कोणाला बाटवायचे माझ्या मनात नव्हते. तसे असते तर मिशनला तरी बरे वाटले असते. मला ज्या गोष्टींनी जगवले त्या कोणीतरी ऐकाव्यात, एवढेच मला वाटायचे. मुले ऐकायची. तोंड उघडे ठेवून ऐकायची.

शाळा तिसरीपर्यंत होती. चौथीच्या परीक्षेला मुले बसवायची तर खात्याची मंजुरी लागते, आणि ती आम्हाला नव्हती. एकोणीसशे चौतीसच्या थंडीत मी अर्ज केला. अर्जात तीन मुलांची नावे होती, पण तो होता सोनीसाठी.

सोनी म्हणजे सोनीबाई, तांड्यावरच्या मोहनसिंगची मुलगी. बारा संपून तेरावे लागले होते. तांड्यातली शाळेत आलेली पहिली पोर, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांत हुशार. तिच्या बापाने दिवाळीत मला सरळ सांगितले होते, “बाई, चौथी पास झाली तं लगन दोन वर्स थांबवतो. तुमी म्हनसान तं वाशीमलेई ठेवतो शिकाले. पन परीक्षाच नाई भेटली तं मंग येत्या वैशाखात उरकतो. घरात बसवून का करू?” माणूस शब्दाचा पक्का होता. पास झाली तर थांबला असता, आणि परीक्षा मिळाली नसती तर वैशाखात मांडवही घातला असता.

म्हणून शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला येणार असे कळले तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही.

गुरुवारी सकाळी साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. सोबत पट्टेवाला, आणि पट्टेवाल्याच्या हातात पाण्याचा तांब्या, कारण माझ्या शाळेतले पाणी साहेबांना चालणार नव्हते. मला त्याचे काही वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण मंजुरी त्यांच्या हातात होती, तेव्हा तांब्याकडे न बघता मी नमस्कार केला.

त्यांनी आधी हजेरी पाहिली. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. सात मुले शेतात गेलेली, आणि मी ती गैरहजरच लिहिली होती.

“सव्वीसपैकी एकोणीस?” साहेब म्हणाले.

“वेचणी चालू आहे, साहेब.”

“वेचणी सगळीकडेच चालू आहे. पण बाकीच्या शाळांत सगळी मुले हजर असतात.” असे म्हणून ते स्वतःच जरा हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना सगळे ठाऊक होते आणि सगळे कागदावर हवे होते.

मग परीक्षा झाली. पिंजारी युनूसचा फय्याज नकाशापुढे उभा राहिला आणि त्याने पैनगंगेवर बोट ठेवून ती कुठून निघते नि कुठे मिळते ते न अडखळता सांगितले. सोनीला साहेबांनी दिडकीचा पाढा विचारला, अडीचकीचा विचारला, मग उलटसुलट तोंडी हिशेब घातले. तिने एकदाही वर पाहिले नाही आणि एकही उत्तर चुकले नाही. मी भिंतीला टेकून उभी होते नि मनातल्या मनात फुगत होते.

मारोतरावांच्या जगदेवने माझा सगळा फुगा फोडला. त्याला पुस्तकातला धडा वाचायला सांगितला. त्याने खाडखाड वाचला, पान संपले, आणि कार्टे पान न उलटताच पुढचे वाचत राहिले. साहेबांनी पुस्तक मिटून घेतले, तरीही त्याच्या दोन ओळी पुढे गेल्याच. पट्टेवाला तोंड फिरवून हसला. साहेबांनी पिशवीतून शेतकी खात्याचे एक छापील पत्रक काढले आणि त्याच्यापुढे धरले. जगदेव ‘कपाशीच्या’ या शब्दापाशी जो बसला तो उठलाच नाही. सोनीने तेच पत्रक वाचले, पण हळू, आणि दोन ठिकाणी अडखळून.

“पाठांतर उत्तम आहे, बाई,” साहेब म्हणाले. “वाचन वेगळे असते.” आणि त्यांनी वहीत लिहिले, ‘वाचन साधारण.’ मला उलटे वाचता येते.

माझी कानशिले तापली. चार वर्षे एकटीने घासून शिकवायचे आणि एका पोराच्या आळसापायी ‘साधारण’ पदरात घ्यायचे! जगदेवकडे मी असे पाहिले की तो खांबाआड गेला.

मग साहेबांची नजर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेली. वर पहिल्याच ओळीत लिहिले होते, ‘आठ ते साडेआठ, शास्त्र.’

“शास्त्र म्हणजे पवित्र शास्त्र?”

“हो.”

“मुले कोण कोण बसतात?”

“सगळी.”

“पालकांची संमती?”

“आजवर कोणी नाही म्हटले नाही, साहेब.”

“नाही म्हटले नाही, म्हणजे हो म्हटले असे होत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा बाई, तुमच्या चौथीला माझी हरकत नाही. मुलगी हुशार आहे. पण खात्याचा नियम असा की दुसऱ्या धर्माच्या मुलांना धर्मशिक्षणाला बसवायचे तर पालकाचा लेखी कागद हवा. कागदावर हो असेल तर बसवा. नाही असेल तर त्या वेळी त्यांना मोकळे सोडा. हो का नाही, याच्याशी मला काही कर्तव्य नाही. पण प्रत्येक मुलाचा कागद मला पाहिजे. त्याशिवाय मंजुरीची शिफारस माझ्याने होणार नाही.”

पट्टेवाल्याने छापील कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. साहेबांचा मुक्काम रिसोडला होता, आणि शनिवारी दुपारी तो हलणार होता. तोपर्यंत कागद आणून द्यायचे होते.

कागदावर लिहिले होते: ‘मी खाली सही अथवा अंगठा करणार, लिहून देतो की, सदरहू शाळेत धर्मशिक्षणाच्या वेळी माझे मूल हजर राहण्यास माझी संमती आहे / नाही.’ शेवटच्या दोन शब्दांतला नको तो खोडायचा आणि खाली अंगठा करायचा. एवढेच काम.

मला तर आनंदच झाला. आता वाचून हसू येईल, पण मला वाटले, हे सव्वीस कागद म्हणजे मला मिळालेले प्रशस्तिपत्रच. मिशनला एकाही माणसाचा हो मिळाला नाही, मला सव्वीस मिळतील. असा गर्व मी त्या दुपारी केला. एका डबीत शाईत भिजवलेले फडके ठेवले आणि पदर खोचून निघाले.

पहिले घर मारोतरावांचे, कारण पडवी त्यांची होती. ते दारात सरकी बघत बसले होते. मी कागद वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि डबी पुढे केली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

“बाई, जगदेव तुमच्या गोष्टी आयकते, आयकू द्या. मी कधी काई म्हनलं? पन अंगठा नाई.”

“अहो, यात तुमचेच भले आहे. तुम्हाला नको असेल तर नको म्हणायचा हक्क देणारा कागद आहे हा.”

“आमी कधी नको म्हनलंच नाई, तं कागद काहून पाह्यजे?”

मी डबी पुढे धरूनच उभी राहिले.

“माह्या बापानं एकदा कोनाच्या तरी साक्षीचा अंगठा केलता,” मारोतराव म्हणाले. “तीन वर्स अकोल्याच्या कचेरीत चकरा मारल्या त्यानं. मराच्या टायमाले मले म्हने, मारोत्या, जीव दे पन अंगठा नको देऊ.”

पिंजारवाड्यात युनूसभाई कापसाच्या धुळीत पांढरे होऊन बसले होते. त्यांनी पिंजण थांबवली, कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. “बाई, तुमच्यावर शक नाई. पन कागजात काय हाय ते लिवनाऱ्यालेच मालूम राह्यते.” आतून त्यांची बायको अमीनाबी म्हणाली, “अंगूठा लगाया तो मौलवीसाब पूछेंगे, तब क्या बोलना?” दोघांनी मला चहा दिला. अंगठा दिला नाही.

संध्याकाळपर्यंत मी चौदा घरे फिरले. सगळीकडे पाट, पाणी, गूळ, आणि अंगठा नाही. उलट मी पुढे गेले की मागे कुजबुज सुरू व्हायची. शुक्रवारी सकाळी शाळा उघडली तेव्हा फक्त सहा मुले आली. गावात उठले होते की बाई अंगठे घेऊन राह्यली, बाटवून राह्यली. नऊ वर्षे रोज सकाळी येशूची गोष्ट सांगितली तेव्हा कोणी बाटले नाही, आणि नको म्हणायचा कागद आणला तर सगळे बाटायला निघाले! मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग मला रडू आले. आलेल्या सहांत सोनी नव्हती.

सहा मुलांना पाढे लिहायला लावून मी तांड्याची वाट धरली. तांडा मैलभरावर. मोहनसिंग गाडी जुंपत होता. बाजारचा दिवस होता. सोनीची आई भुरीबाई टोपल्या चढवत होती. मी तिथेच उभ्याने कागद वाचून दाखवला. एकदा वाचला, दोनदा वाचला.

मोहनसिंगने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाई, तुमी वाचता तेच कागदावर हाय, हे मी कशावरून मानू?”

चिडले की मिशनमध्ये घासूनपुसून गेलेली माझी बोली परत बाहेर येते. “मोहनसिंगभाऊ, पाच वर्स तुमची पोट्टी माह्याजवळ हाय! अजून मी तुमाले खोटं बोलले का?”

“नाई बोलल्या. पन आता तुमचं काम अडलं हाय. काम अडलं का मानूस बोलते.” हे त्याने रागाने म्हटले नाही, त्यामुळे मला जास्तच लागले. “पटवाऱ्याकडून वाचून घेतलं असतं, पन तो तं लबाडच हाय.”

भुरीबाईने हातातली टोपली आपटली. “सोनी वाचीन ना! मंग कायले धाडली शाळेत? इतके दिस का नुसती पाटी घासली तिनं?”

मोहनसिंग बायकोकडे बघतच राहिला. हे त्याच्या डोक्यात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते, आणि मी शिकवायचा धंदा करते.

“वाचीन,” तो म्हणाला. “पन बाई इथं नाई थांबनार. तुमी तिकडं हिरीपाशी जाऊन बसा. तुमी डोळ्यानं खुणावसान.”

अपमान झाला, पण मी गेले. विहिरीच्या काठावर पाठ करून बसले. सोनीला कागद दिल्याचे कळले, आणि मग तिचा आवाज यायला लागला. हळू. ‘मी खाली सही अथवा अंगठा करणार.’ साहेबांसमोर ती अडखळली होती ते साध्या पत्रकावर. हा तर कचेरीतला कागद. ‘सदरहू’ हा शब्द मी तिला कधी शिकवलाच नव्हता. ती त्या शब्दापाशी थांबली. मागे गेली, पुन्हा आली, तो फोडून फोडून वाचला आणि ओलांडला. कधी मागितले नव्हते इतके मी त्या क्षणी देवाकडे मागितले. मग आवाज थांबला आणि सोनी धावत विहिरीपाशी आली.

“बाई, संमती म्हनजे का?”

“राजीखुशी.”

ती तशीच धावत परत गेली. मग बराच वेळ बापलेकीचे त्यांच्या बोलीत बोलणे चालले, ते मला नीट समजत नाही. मोहनसिंगने तिला कागद तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी ती अडखळली नाही.

मला हाक आली. कागदावर मोहनसिंगचा अंगठा होता, स्वच्छ, रेघान् रेघ उमटलेली. त्याच्या वर ‘आहे’ हा शब्द सोनीने आडव्या रेघेने खोडला होता.

मी कागदाकडे बघत राहिले. मला वाटले पोरीने चुकीचा शब्द खोडला. मी तिला विचारले. ती खाली बघून म्हणाली, “नाई बाई. बापू म्हने हाच खोड.”

“बाई, राग नका धरू,” मोहनसिंग म्हणाला. “आजपावतो कोनी इचारलंच नव्हतं. न इचारता पोट्टी आयकत होती, ते येगळं. आता सरकार इचारून राह्यलं, तुही राजीखुशी हाय का? मी हो म्हनून अंगठा केला, तं उद्या पंचायत मले बसवून इचारीन. आन खरं सांगू का, मले तसं म्हनाचंही नाई. आमचे देव हायेत.”

कागदात हेच विचारले होते. त्याने उत्तर दिले होते, खरे दिले होते, आणि माझ्याच शाळेमुळे तो कागद त्याला कळला होता. मी डबी मिटली आणि म्हणाले, “बरोबर आहे, भाऊ.” गावाकडे येताना वाटेत मात्र मी काय काय बोलले ते मलाच माहीत.

पुढचे काम भुरीबाईने केले. बाजारात टोपल्या मांडून बसली आणि येईल त्याला सांगायला लागली, “माह्या पोट्टीनं सरकारी कागद वाचला! आडवा-तिडवा सगळा वाचला. तीन खेपा वाचला!” आवाज तिचा तांड्यावरून केनवडपर्यंत पोहोचेल असा. ऐकणाऱ्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, कागदात बाटवण्याचे काही नाही. दुसरी, तांड्यातल्या पोरीने वाचला तर आपल्या पोराने का वाचू नये?

दुपारी पडवीपुढे माणसे जमली. मी कोणाला वाचून दाखवले नाही. प्रत्येकाच्या मुलाच्या हातात कागद दिला आणि बाजूला झाले. लहानांसाठी मोठी भावंडे आली, आणि ज्यांचे वाचणारे कोणी नव्हते त्यांच्याकडे सोनी गेली. बाजारात कुठे मिरच्यांच्या ढिगामागे, कुठे बांगडीवाल्याच्या पालात, कुठे गाडीच्या चाकापाशी बाप बसलेला आणि पोर उभे राहून वाचत होते. सगळ्या बाजारातून ‘सदरहू, सदरहू’ ऐकू येत होते. अमीनाबीने फय्याजला आधी हात धुवायला लावले आणि मगच कागद हातात घेऊ दिला. मारोतरावांनी जगदेवला पाठ करून सांगायला मनाई केली. “बोट ठेव अन् वाच. बोटाच्या पुढं गेला तं थोतरीत हानीन.” जगदेवला पाऊण तास लागला. घामाघूम झाला, पण ‘धर्मशिक्षणाच्या’ सकट त्याने तो वाचला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की गुरुवारचे सगळे मी त्याला माफ केले.

अंधार पडायच्या आत कागद माझ्याकडे आले. एकेक घेत होते, बघत होते, खाली ठेवत होते. ‘आहे’ खोडलेले. ‘आहे’ खोडलेले. कोणी बारीक रेघेने, कोणी पेन्सिल मोडेस्तोवर. युनूसभाईंनी तर दोन रेघा मारायला लावल्या होत्या. पंधराव्या कागदानंतर मी बघायचे सोडले आणि नुसते रचत गेले.

शेवटचा कागद जगदेवने दिला. त्यावर अंगठा होता, पण दोन्ही शब्द तसेच होते.

“अरे, खोडायचे राहिले की.”

“बाबा म्हने, मले समजलं, बस झालं. अन् अंगठा केला.”

जगदेव गेला आणि मी तो कागद पुढ्यात घेऊन बसले. पडवीत दुसरे कोणी नव्हते. टाक माझ्याकडे, दौत माझ्याकडे. ‘नाही’वर एक रेघ ओढली असती तर जगदेव राहिला असता. एक मुलगा. मारोतरावांना कधी कळलेही नसते, आणि कळले असते तरी त्यांनी हात झटकले असते. एका मुलासाठी अर्धा तास राहिला असता, आणि त्या एकाच्या नावाने मला गोष्ट सांगता आली असती. मी टाक दौतीत बुडवला, हे इथे लिहून ठेवते. बुडवला आणि रेघ ओढण्याआधी उठले.

मारोतराव जेवायला बसत होते. मी दारातूनच विचारले, “मारोतराव, कागदावर काय खोडू? हो ठेवू का नाही?”

त्यांनी विचार केला. “बाकीच्यायनं का केलं?”

“नाही ठेवले.”

“सगळ्यायनं?”

“सगळ्यांनी.”

त्यांनी घास ताटात ठेवला. माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. “मंग बाई, मले गावातच राहाचं हाय. तुमी तसंच करा.”

त्यांच्याच दिव्यापुढे मी ‘आहे’ खोडला. सव्वीसपैकी एवढा एक माझ्या हातचा.

शनिवारी पहाटेच्या गाडीने मी रिसोडला पोहोचले. साहेबांनी कागद मोजले, चाळले आणि पुन्हा पहिल्यापासून चाळले.

“एकही हो नाही?”

“नाही.”

“बाई, असे सव्वीसच्या सव्वीस कागद मी कुठे पाहिले नाहीत. सगळीकडे हो असते. मास्तरच खोडून आणतात.” त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. “मग ही ख्रिस्ती शाळा कशी?”

“मी ख्रिस्ती आहे, साहेब, आणि शाळा मी चालवते.”

त्यांनी टाक उचलला. चौथीच्या मंजुरीची शिफारस माझ्यासमोर लिहिली आणि परीक्षेला तीन मुले पाठवा म्हणाले. ‘वाचन साधारण’ तसेच राहिले. कागद मुलांनी वाचले हे मी त्यांना सांगणार होते, पण त्यांची दमणी जुंपून तयार होती, आणि मलाही कोणापुढे काही सिद्ध करायचा कंटाळा आला होता. परतताना तांड्यावरून गेले आणि मोहनसिंगला सांगितले की परीक्षा मिळाली. त्याने मान हलवली आणि वैशाखाचे नाव काढले नाही. सोनी चुलीपाशी होती, ती तिथूनच हसली. त्या हसण्यासाठी मी सव्वीस काय, पन्नास कागद आणले असते. हे खरे आहे. आणि दुसरेही खरे आहे, की घरी येऊन मी दार लावून घेतले आणि रविवारभर कोणाला भेटले नाही.

सोमवारी आठ वाजता सव्वीसच्या सव्वीस मुले आली. वेचणी सोडून आली. नेहमीसारखी मांडी घालून ओळीत बसली आणि गोष्टीसाठी माझ्याकडे बघायला लागली. त्यांच्या बापांनी त्यांना काही सांगितले नव्हते. कागदाचे काम झाले होते, आता पुढे शाळा नेहमीसारखीच चालेल असेच सगळ्यांना वाटत होते.

“उठा,” मी म्हणाले. “साडेआठपर्यंत सगळ्यांनी बाहेर ओट्यावर बसायचे.”

कोणी हलले नाही. सोनी म्हणाली, “पन बाई, आमाले आयकाचं हाय.”

“तू कागद वाचलास ना?”

“हो.”

“त्यात काय लिहिले आहे?”

तिला उत्तर माहीत होते, म्हणून ती उठली. मागोमाग बाकीची उठली. मी पडवीच्या खांबाशी उभी राहून सव्वीस मोजली आणि बाहेर काढली. मग आत येऊन शास्त्र उघडले. तो अर्धा तास माझा होता, माझ्यासाठी कोणाचा कागद लागत नव्हता. रोज मी मोठ्याने वाचत असे. त्या दिवशी ओठ मिटून मनातल्या मनात वाचले, कारण पडवीला दार नव्हते आणि ओट्यावरची मुले श्वास धरून गप्प बसली होती.